मधेच सोडलेला डाव: कोथरूडमधील एका कमांडर गटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोथरूडमधील एका सोसायटीतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी चारच्या सुमारास जमणाऱ्या एका लहान गटाचे हे प्रकरण आहे. हा गट 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा 'कमांडर' हा प्रकार खेळतो. बक्षीस नाही, प्रवेश शुल्क नाही, कोण किती डाव जिंकले याची नोंदही कोणी ठेवत नाही. चहा यजमानाचा आणि खायचे पदार्थ आळीपाळीने, एवढीच व्यवस्था. मी या टेबलावर नियमित बसतो आणि सर्वांच्या संमतीने हे लिहीत आहे. नावे दिलेली नाहीत, टेबलावर ज्या हाका मारल्या जातात त्याच वापरल्या आहेत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

गटात वयाचे अंतर बरेच आहे. काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले असून रमी आणि मेंढीकोटात त्यांचा हात मुरलेला आहे; पुतण्याने हा खेळ शिकवला, पुतण्या नोकरीसाठी बाहेर गेला आणि काका राहिले. ताई दिवाणी न्यायालयात वकिली करतात. छोट्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून वसतिगृहात राहतो. बँकवाले बँकेतच आहेत. यजमान संगणक क्षेत्रात नोकरीला आहे आणि गटातील निम्म्याहून अधिक डेक, म्हणजे खेळण्यासाठी आधीच जुळवून ठेवलेले पत्त्यांचे संच, त्याच्याच कपाटात असतात. याखेरीज दोन-तीन जण अधूनमधून येतात, त्यामुळे कधी चार माणसे असतात तर कधी सहा.

मूळ खेळ रिचर्ड गारफील्ड यांचा. तो १९९३ मध्ये बाजारात आला आणि प्रामुख्याने दोघांत खेळला जाऊ लागला. कमांडर हा प्रकार खेळणाऱ्यांनीच घडवला. त्यासाठीचे तयार डेक हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २०११ मध्ये प्रथम काढले. शंभर पत्त्यांचा डेक, मूळ जमिनी (इतर पत्ते खेळण्यासाठी लागणारी ऊर्जा, म्हणजे माना, देणारे पत्ते) सोडल्या तर एकाही पत्त्याची दुसरी प्रत नाही, प्रत्येकाला सुरुवातीला चाळीस लाइफ (ते शून्यावर आले की खेळाडू बाद), आणि डेकचा प्रमुख असलेला एक कमांडर, जो मारला गेला तरी दर खेपेस दोन माना जास्त मोजून परत आणता येतो. साधारणपणे चौघे खेळतात आणि शेवटी उरतो तो जिंकतो.

या रचनेत एक हिशेब दडलेला आहे. प्रत्येकाची पाळी सरासरी पाच मिनिटांची धरली, तर चौघांच्या टेबलावर आपली पाळी संपल्यावर पंधरा मिनिटे थांबावे लागते आणि नऊ फेऱ्यांचा डाव तीन तास चालतो. सहा जण एकाच टेबलावर बसले, की थांबणे पंचवीस मिनिटांवर आणि डाव साडेचार तासांवर जातो. आमच्या गटात सहा माणसे आली तर सहाही जण एकाच टेबलावर बसत, कारण 'सगळ्यांनी एकत्र खेळायचे' हा गटाचा मूळ हेतू होता. कोणाचीही सवय चांगली की वाईट हे ठरवण्याआधी हे आकडे पाहायला हवे होते, पण ते बरेच नंतर पाहिले गेले.

अडचण

तक्रारी होत्या, पण त्या उघडपणे कोणी मांडत नसे. पुणेरी माणूस दुकानदाराला तोंडावर सुनावील, मात्र ज्याच्या घरचा चहा पितो त्याच्या पाहुण्याला बोलणार नाही.

सर्वांत जास्त कुजबुज काकांच्या संथपणाविषयी होती. काका आपली पाळी आली की चष्मा कपाळावरून खाली ओढत, समोरच्याचा एक एक पत्ता उचलून वाचत, आणि त्याच वेळी दुसऱ्या हातात वडापाव असे. पारदर्शक स्लीव्हवर उमटलेला तेलाचा ठसा पाहून ताईंचा चेहरा काय होई, ते सांगायला नको. शिवाय काका दुसऱ्याच्या पाळीतही बोलत. 'तिच्यावर जा ना, तिच्याकडे बघ किती माल साठलाय,' असे ते नवख्या खेळाडूला सांगत आणि नवखा ऐकत असे. मेंढीकोटात भिडूला खूण करणे हा गुन्हा, हे काकांना चांगले ठाऊक होते. पण येथे भिडूच नसल्यामुळे बोलण्यात काही गैर आहे, असे त्यांना वाटत नव्हते. त्यात तथ्यही होते: चौघांच्या खेळात बोलणी, करार, आर्जवे हा खेळाचाच भाग असतो. मात्र स्वतःसाठी वाटाघाट करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या हातातले पत्ते आपण खेळणे वेगळे. ही रेषा त्यांना कोणी दाखवलेली नव्हती.

बँकवाल्यांची सवय वेगळी. त्यांच्या डेकमध्ये 'रिस्टिक स्टडी' हा २००० सालचा पत्ता होता. तो टेबलावर असताना प्रतिस्पर्ध्याने कोणताही मंत्र (जमीन सोडून कोणताही पत्ता) टाकला की त्याने एक माना जादा भरायची, नाही भरली तर पत्त्याच्या मालकाला एक पत्ता ओढता येतो. हा पत्ता खेळणाऱ्याने प्रत्येक मंत्राला 'एक भरणार का?' असे विचारणे क्रमप्राप्त आहे आणि ते कंटाळवाणे असले तरी नियमातले आहे. बँकवाले मात्र तेव्हा मोबाइल पाहत असत आणि तीन मंत्र होऊन गेल्यावर म्हणत, 'अरे, माझे तीन पत्ते राहिले.' मग कोणत्या वेळी कोणाकडे किती माना शिल्लक होती, याची उजळणी सुरू होई. बँकेत थकीत व्याजाची वसुली करावी तसे हे चाले.

छोट्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. तो चपळ, नियम तोंडपाठ, नवख्यांना प्रेमाने समजावणारा. आपण हरत आहोत असे दिसले, की तो 'मी सोडला' म्हणून पत्ते गोळा करी, आणि टेबलावरचा एक माणूस कमी झाला म्हणून उरलेल्यांना हायसेच वाटे. त्याच्या जाण्याने कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा झाला, हे कोणी तपासत नसे.

तो रविवार

पावसाळ्याचे दिवस होते. दारापाशी ओल्या छत्र्या आणि दमट हवेने वाकलेले फॉइलचे पत्ते असा माहोल. टेबलावर पाच जण होते आणि साडेसात वाजले तरी पहिलाच डाव चालू होता. ताईंचे लाइफ सहा, छोट्याचे नऊ. ताईंच्या डाव्या हाताला काका, म्हणजे पुढची पाळी त्यांची, आणि त्यांच्यासमोर अकरा ताकदीची फौज हल्ल्याला तयार होती.

ताईंकडे नऊ ताकदीचा एक उडणारा प्राणी होता. त्याला लाइफलिंक, म्हणजे त्याने जेवढे डॅमेज केले तेवढे लाइफ ताईंना मिळणार. त्यांनी हिशेब केला: छोट्यावर हल्ला करायचा, तो बाद होईल, आपण पंधरावर जाऊ, काकांचे अकरा सोसून चार उरतील. हल्ला करताना प्राणी टॅप होतो, म्हणजे आडवा फिरवावा लागतो, आणि काकांच्या पाळीत तो अडवायला उपलब्ध नसतो, हे धरूनच त्यांनी हा निर्णय घेतला होता. त्यांनी पत्ता आडवा केला. छोट्याने एकदा ताईंकडे, एकदा काकांच्या फौजेकडे पाहिले आणि म्हणाला, 'मी सोडला डाव.'

'डॅमेज तर होऊ दे आधी,' ताई म्हणाल्या.

'माणूसच नाही, तर डॅमेज कोणाला?'

नियमाने तो बरोबर होता. अधिकृत नियमावलीच्या १०४.३ या कलमानुसार खेळाडूला कोणत्याही क्षणी डाव सोडता येतो आणि तो तत्काळ खेळाबाहेर जातो; बाहेर गेलेल्याला डॅमेज लागत नाही, म्हणून लाइफही मिळत नाही. ताई सहावरच राहिल्या, प्राणी आडवा पडलेला, आणि पुढच्या पाळीत काकांनी त्यांना बाद केले. 'मला काय, वाट मोकळी दिसली, गेलो,' असे काका म्हणाले, आणि त्यांचेही चुकले नव्हते. ताईंनी छोट्याला एकच वाक्य ऐकवले: 'याला रडीचा डाव म्हणतात.' त्या त्यानंतर दोन रविवार आल्या नाहीत.

पर्यायांचा विचार

सोमवारी सकाळी व्हॉट्सॲपवर कोणीतरी रडणाऱ्या बाळाचे स्टिकर टाकले आणि प्रकरण चिघळले. त्यानंतर यजमानाने छोट्याला वगळून एक वेगळा ग्रुप काढला. हेतू शांतपणे चर्चा करण्याचा होता.

पहिला पर्याय तेथेच मांडला गेला: छोट्याला काही दिवस बोलवायचे नाही. हा सोपा होता, आणि बँकवाल्यांचा त्याला पाठिंबा होता. पण ज्याने एकही नियम मोडला नाही त्याला नियमाच्या खेळातून काढायचे, तर कारण काय द्यायचे, असा प्रश्न खुद्द ताईंनीच विचारला. पीडित पक्षानेच शिक्षेला विरोध केल्यामुळे हा विषय तेथेच थांबला.

दुसरा पर्याय घड्याळाचा. स्पर्धांमध्ये दोघांच्या तीन डावांपर्यंतच्या लढतीला सामान्यतः पन्नास मिनिटे दिली जातात, आणि रेंगाळणाऱ्याला पंच ताकीद देऊ शकतो. संगणकावरच्या 'मॅजिक ऑनलाइन'मध्ये प्रत्येकाचे स्वतःचे घड्याळ चालते. परंतु या खेळात एकाच्या पाळीतही दुसऱ्यांना उत्तर देण्याची संधी सतत मिळत असते आणि संगणक ती संधी कोणाकडे आहे हे आपोआप मोजतो. हॉलमधल्या टेबलावर प्रत्येक वेळी घड्याळाची कळ दाबत बसायचे, तर खेळायचे कधी? घड्याळ नाकारले गेले, पण त्या चर्चेतून एक चांगली गोष्ट निघाली. ताई परतल्या त्या रविवारी त्यांनी, कोणालाही न अडवता, फोनवर फक्त वेळ मोजली.

त्यातून जे दिसले ते कोणाला अपेक्षित नव्हते. काकांच्या पाळ्या पाच-सहा मिनिटांच्या होत्या. डावाच्या उत्तरार्धात सर्वांत लांब पाळ्या छोट्याच्या होत्या. डेकमधून पत्ता शोधायचा, पिसायचा, पुन्हा शोधायचा, पुन्हा पिसायचा, असे करत एक पाळी बारा मिनिटांपलीकडे गेली होती. ज्याचे हात हलत असतात त्याची पाळी लहान वाटते आणि जो गप्प बसून वाचतो त्याची मोठी, इतकाच फरक. उरलेला बराच वेळ कोणाच्याच पाळीत जमा होत नव्हता. तो 'माझे पत्ते राहिले'च्या उजळणीत जात होता.

तिसरा पर्याय यजमानाने सुचवला. कमांडरचा कारभार २०२४ च्या सप्टेंबरअखेर स्वयंसेवकांच्या समितीकडून विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने डेकची पाच स्तरांत विभागणी चाचणी स्वरूपात जाहीर केली. पहिल्या दोन स्तरांत 'गेम चेंजर' यादीतला, म्हणजे डावाचे पारडे फिरवणाऱ्या जोरकस पत्त्यांपैकी, एकही पत्ता चालत नाही, तिसऱ्यात जास्तीत जास्त तीन चालतात; रिस्टिक स्टडी त्या यादीत आहे. सर्वांनी दुसऱ्या स्तरावर यावे, म्हणजे कटकट मिटेल, असे यजमानाचे म्हणणे. माझ्या मते ही व्यवस्था उपयुक्त असली तरी या प्रकरणाला लागू पडत नव्हती. डेक किती जोरकस आहे हे स्तर सांगतो. डेकमागचा माणूस हल्ला झाल्यावर उठून जाईल का, हे त्यात कोठेच लिहिलेले नसते.

चौथा पर्याय म्हणजे छोट्याशी एकट्याने बोलणे. तो सर्वांत शेवटी सुचला.

काय केले

यजमान आणि छोट्या आठवड्याच्या मध्यात एका अमृततुल्यावर भेटले. छोट्याला वेगळ्या ग्रुपविषयी आधीच कळले होते आणि बोलण्याची पहिली काही मिनिटे त्यातच गेली. त्यानंतर त्याने दोन कारणे सांगितली. एक, वसतिगृहाचे दार नऊला बंद होते, वनाजहून मेट्रो पकडून शहराच्या पलीकडच्या टोकाला पोहोचायला त्याला आठच्या आत निघावे लागते, आणि साडेसातनंतर त्याचे लक्ष पत्त्यांपेक्षा घड्याळाकडेच असते. दुसरे त्याने जरा अडखळत सांगितले. 'दादा, ताईंनी त्या डावात माझा कमांडर तीनदा मारला. चौथ्यांदा आणायला सहा माना जास्त लागत होत्या. मी तासभर नुसता जमीन ठेवत बसलो होतो. मग म्हटलं, आता तुम्हालाही काही मिळू देत नाही.'

म्हणजे खुन्नस होती, आणि ती त्याने कबूल केली. परंतु गट ज्याला एका माणसाचा खुनशीपणा समजत होता, त्याखाली लांबलेल्या डावाची आणि पाच जणांच्या टेबलाची अडचण होती.

पुढच्या रविवारी खेळ सुरू होण्यापूर्वी अर्धा तास सर्वजण बोलले. मुख्य चर्चा डाव सोडण्यावरच झाली. 'फक्त आपल्या पाळीतच डाव सोडता येईल,' असा नियम अनेक घरगुती गट करतात, तो प्रथम सुचला. ताईंनी त्यातली फट दाखवली: घरून फोन आला, मेट्रोची वेळ झाली, तर माणूस जाणारच; ज्याची अंमलबजावणी करता येत नाही असा नियम करून उपयोग काय? त्यांचा मसुदा असा होता की जायचे त्याने केव्हाही खुशाल जावे, पण चालू पाळी संपेपर्यंत तो टेबलावर आहे असे समजून डॅमेज, लाइफ आणि पत्त्यांचे परिणाम मोजायचे. हा स्वीकारला गेला. सोबत एक साधी प्रथा ठरली: डाव मांडतानाच प्रत्येकाने आपण किती वाजता निघणार ते सांगायचे, आणि सातनंतर नवा डाव मांडायचा नाही.

सहा माणसे आली तर तिघा-तिघांची दोन टेबले करायची, हेही ठरले. याला काकांनी विरोध केला. सगळे एकत्र नसतील तर घरी बसून रमी काय वाईट, असा त्यांचा सवाल होता. अखेर चहा एकत्र घ्यायचा, या अटीवर ते तयार झाले.

बाकीचे निर्णय पटकन झाले. राहून गेलेला पत्ता पुढचा मंत्र टाकला जाईपर्यंतच मागता येईल, नंतर राहिला तो राहिला. नवख्यांना पहिला महिनाभर लिंबूटिंबू धरून चाल परत घेऊ द्यायची, जुन्यांना नाही. खाणे टेबलावर नाही.

काकांची अडचण त्यांनी स्वतःच उलगडली. बारीक इंग्रजी अक्षर, तेही समोरून उलटे दिसणारे. त्यामुळे पत्ता पडतो तेव्हा तो त्यांना वाचता येत नसे आणि सगळे वाचन आपल्या पाळीसाठी साठत असे. त्यांनी सांगितले, 'वाचून नका दाखवू, काय होणार ते सांगा.' तेव्हापासून पत्ता टाकणारा मराठीत आशय सांगतो: 'हा आला, की तुम्हा सगळ्यांचा एकेक प्राणी मरणार.' याशिवाय काकांनी आपल्या डेकमधला 'सेन्सेज डिव्हायनिंग टॉप' काढून ठेवला. डेकवरचे तीन पत्ते पाहून त्यांचा क्रम बदलू देणारा हा पत्ता ते प्रत्येकाच्या पाळीत वापरत. २०१७ मध्ये 'लेगसी' या स्पर्धात्मक प्रकारात त्यावर बंदी आली, तेव्हा त्याच्यामुळे खाल्ला जाणारा वेळ हेही एक कारण होते, हे छोट्याने त्यांना सांगितले. 'म्हणजे मी एकटाच नाही,' एवढेच काका म्हणाले.

परिणाम

चौघांचे डाव आता बहुधा सव्वादोन ते अडीच तासांत संपतात आणि तिघांचे त्याहून लवकर. काकांच्या पाळ्या खरोखर लहान झाल्या. दुसऱ्याला सल्ला देणे मात्र थांबलेले नाही. फरक एवढाच, की आता नवखाही 'काका, माझी पाळी' असे म्हणू लागला आहे.

बँकवाले पाच-सहा आठवड्यांनी येईनासे झाले. रविवारी घरची कामे असतात, असे त्यांनी कळवले. पत्ते मागण्याच्या नव्या नियमाचा त्याच्याशी संबंध असावा, असे गटातील काहींना वाटते. मलाही तसेच वाटते. त्या नियमाचा भार जवळजवळ पूर्णपणे एकाच माणसावर पडत होता आणि तो ठरवताना त्यांच्याशी कोणी आधी बोलले नव्हते.

ताई आणि छोट्या पुन्हा एका टेबलावर बसतात. छोट्याचा कमांडर ताई अजूनही मारतात. तो तक्रार करतो, पण उठून जात नाही.

वेगळे काय करता आले असते

निर्णयांचा क्रम उलटा झाला. आधी स्टिकर, मग वेगळा ग्रुप, मग शिक्षेची चर्चा, आणि सर्वांत शेवटी संबंधित मुलाशी बोलणे. अमृततुल्यावरची भेट दुसऱ्याच दिवशी झाली असती, तर वेगळा ग्रुप काढावा लागला नसता आणि त्याचे ओझेही राहिले नसते. छोट्या तो विषय अजून अधूनमधून चेष्टेत काढतो, आणि ती चेष्टा पूर्ण चेष्टा नसते.

वेळ मोजण्याचे काम महिनाभर आधी व्हायला हवे होते, विशेषतः काकांच्या दृष्टीने. त्यांच्यामागे जी कुजबुज चालली ती निम्मी चुकीची होती आणि उरलेल्या निम्म्यावर एका वाक्याचा उपाय होता.

बँकवाल्यांच्या बाबतीत नियमाऐवजी शेजारच्या खेळाडूने 'तुमचा पत्ता' एवढी आठवण करून द्यायची, अशी प्रथा चालली असती का, याविषयी गटात दोन मते आहेत. आठवण करून देणे म्हणजे प्रतिस्पर्ध्यालाच मदत करणे, असे यजमान म्हणतो. ताईंच्या मते घरगुती टेबलावर एवढे करायला हरकत नव्हती.

डाव सोडण्याच्या नियमातली एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. छोट्याचा एखादा प्राणी काकांनी मंत्राने आपल्याकडे घेतलेला असतो आणि छोट्याला निघायचे असते. नियमाप्रमाणे पाळी संपेपर्यंत तो प्राणी काकांकडेच राहतो. प्रत्यक्षात पत्ता छोट्याचा, आणि तो घेऊन त्याला मेट्रो गाठायची असते. सध्या त्या जागी चिठ्ठीवर नाव आणि ताकद लिहून ठेवतात. पाळी संपल्यावर ती चिठ्ठीही बाद व्हायला हवी, असे ताईंचे म्हणणे आहे. काका ती डाव संपेपर्यंत ठेवू पाहतात, आणि दोघांनीही आपापल्या बाजूने युक्तिवाद तयार ठेवलेला आहे.